१०४ हर्ट्झची तार : कर्वेनगरमधल्या एका होम थिएटरचं प्रकरण

मामींचा फोन आला तो रविवारी सकाळी. "सिनेमा छान वाजतो रे, पण गाणं लागलं की मी उठून आत जाते," एवढंच म्हणाल्या. मागून मामांचा आवाज आला, "त्याला सांग, माझे कान ठीक आहेत. तपासून आणलेत."

मामांच्या पंचाहत्तरीला बंगळुरूच्या लेकाने होम थिएटर भेट दिलं होतं. एक एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र), पाच छोटे सॅटेलाइट स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा मोठा डबा, थोडक्यात सब), म्हणजे ज्याला ५.१ म्हणतात ते. बसवायला आलेल्या माणसाने स्पीकर भिंतींना टांगले, वायरी पट्टीत लपवल्या आणि दोन तासांत सगळं उभं करून दिलं. जाताना लढाईचा एक सिनेमा लावून दाखवला. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मामा खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सीडीच्या कपाटाला हात घातला आणि खुशी ओसरली.

मी आवाजाच्या धंद्यातला नाही. भोसरीला एका कारखान्यात गिअरबॉक्सची कंपनं मोजतो. कुठल्या हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला किती कंपनांना, काय हलतंय हे शोधणं एवढाच माझा या विषयाशी संबंध, आणि नातेवाइकांच्या मते तेवढा पुरेसा आहे. हे काम चार रविवार चाललं. त्यात चुका माझ्याही झाल्या, त्या गाळलेल्या नाहीत.

घर आणि मांडणी

हॉल ४.८ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, समोर स्वयंपाकघराकडे जाणारा मोकळा पॅसेज. अलीकडच्या आखूड भिंतीवर टीव्ही, पलीकडच्या भिंतीला चिकटून सोफा. पुढचे दोन सॅटेलाइट टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, पण जमिनीपासून सात फुटांवर, कारण खाली फ्लॉवरपॉट होते. मधला स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सरकवलेला. मागचे दोन सोफ्याच्या डोक्यावर. आणि सबवूफर सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात, कारण प्लग पॉइंट तिथे होता. आपल्याकडे निम्म्या घरांत सबची जागा आवाजावरून ठरत नाही, प्लगवरून ठरते.

सॅटेलाइट म्हणजे मुठीएवढे डबे, आत तीन इंची कोन. सोबतच्या पुस्तिकेत त्यांची झेप दिली होती : १५० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत. हा १५० चा आकडा मी पहिल्याच दिवशी वाचला होता, आणि वाचून सोडून दिला होता.

ऐकणारे दोघे. मामा बँकेतून निवृत्त. त्यांच्याकडे पुरुष गायकांच्या ख्यालाच्या सीडी, शिवाय कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून घेतलेल्या कॅसेटींचं एक खोकं. रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सव भरायचा त्या काळात पहाटेच्या भैरवीपर्यंत बसणारा हा माणूस. मामी घरी गाणं शिकवतात, त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. त्यांच्या एका शिष्येने त्यांचं गाणं स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून सीडी करून दिली होती. ती सीडी आणि मामांची एक आवडती सीडी, या दोन आमच्या तपासणीच्या. इतर काही लावायचं नाही असं ठरवलं, कारण दर वेळी गाणं बदललं की काय सुधारलं तेच कळत नाही.

पहिला रविवार : मदत काढून घेणं

रिसीव्हरच्या पडद्यावर लिहिलं होतं, 'मल्टी चॅनेल स्टिरिओ'. म्हणजे सीडीवरच्या दोन चॅनेलांचा माल पाचही स्पीकरांतून एकदम. खोलीभर आवाज होतो, दिवाळीच्या फराळाला पाहुणे आले असताना बरं वाटतं, पण गवई कुठे बसलाय ते कळत नाही. एकच स्वर पाच जागांहून थोडा मागेपुढे कानाशी पोचतो. आवाज ३४ सेंटिमीटरला एक मिलिसेकंद घेतो. तेवढ्याशा फरकानेही काही स्वर एकमेकांना पुसतात आणि काही फुगतात.

मामांनी स्वतः सुचवलं, "मग तो डॉल्बी सराउंडवाला लाव." लावला. त्यांची जुनी मोनो ध्वनिमुद्रणं त्यात अजबच वाजली. मोनोमध्ये डाव्या-उजव्या चॅनेलांत एकच माल असतो. दोन्हीकडे सारखं आहे ते मधोमधचं, असं समजून हा प्रकार ते सगळं मधल्या स्पीकरकडे पाठवतो. संवादासाठी ते बरोबरच आहे. पण इथे परिणाम असा, की मोठाले ख्याल गाणारा गवई टीव्ही युनिटच्या कप्प्यात बसून, स्टीलच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखा.

साधा 'स्टिरिओ' लावला. पुढचे दोन स्पीकर आणि सब, बाकी गप्प. रात्रीच्या सिनेमासाठी कोणीतरी चालू ठेवलेली आवाज सपाट करणारी सेटिंगही बंद केली. ती चालू असली की हळू आलाप आणि द्रुत तान एकाच उंचीच्या होतात, मग ख्यालात उरतं काय? गाणी टीव्हीवरून ब्लूटूथने येत होती. त्याऐवजी डीव्हीडी प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडला आणि सीडी त्यात घातली.

सुधारणा झाली. गाणं मागून यायचं थांबलं. मामा समाधानी दिसले. मामी म्हणाल्या, "पसारा आवरला. पण तंबोरा अजून पोकळच आहे."

मी आणखी एक बटण दाबून पाहिलं, 'प्युअर डायरेक्ट'. संगीतासाठी हेच दाबा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मोठे स्पीकर असतील तर तो ठीक आहे. पण या रिसीव्हरमध्ये हे बटण दाबलं की खालचे स्वर सबकडे वळवायची व्यवस्थाही बंद पडते. उरले ते दोन मुठीएवढे डबे. डग्ग्याचा घुमारा गेला, नुसती चाट उरली. मामींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, मी बटण पुन्हा दाबलं.

मामींचं वाक्य

पुढच्या रविवारी मी फोनवर मोजणीचं अॅप वगैरे घेऊन गेलो होतो. त्याआधी सहज विचारलं, "पोकळ म्हणजे नक्की काय?" शिकवणाऱ्या माणसाला असं विचारलं की उत्तर नेमकं येतं.

त्या म्हणाल्या, "माझ्या सीडीवर खर्जाची तार छेडलेली कळते. स्वयंभू गंधारसुद्धा ऐकू येतो. पण तारेला अंग नाही. ह्यांच्या सीडीवर उलटं आहे. तिथे खर्ज खोलीभर घुमतो, आणि पहिली तार, पंचमाची, जणू कोणी लावलीच नाही."

मला आधी हे दोन वेगळे दोष वाटले. एका सीडीत खर्ज नाही, दुसरीत खर्ज जास्त आणि पंचम नाही. मग चहा होईपर्यंत कागदावर आकडे मांडले. मामांच्या सीडीची पट्टी मामींनी पेटीवर लावून सांगितली, काळी एक. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातल्या जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारांचा तो सा साधारण १३८.६ हर्ट्झ. खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, त्याच्या निम्मा, ६९.३. पहिली तार खालच्या पंचमाची, खर्जाच्या दीडपट, म्हणजे १०४.

मामींची पट्टी काळी चार. त्यांच्या तंबोऱ्यात जोडीचा सा २०७.७ आणि खर्ज त्याच्या निम्मा, १०३.८.

मामांचा पंचम आणि मामींचा खर्ज हा एकच स्वर आहे. दोन सीडी, दोन वेगळ्या तारा, हरवलेली जागा एक : १०४ हर्ट्झच्या आसपास. अॅपने मला हे सांगितलं असतं का? कदाचित सांगितलं असतं. फोनचा माइक खालच्या स्वरांना फारसा विश्वासार्ह नसतो, त्यामुळे मीच त्यावर शंका घेत बसलो असतो.

एक प्रश्न राहतो. मूळ स्वरच येत नसेल तर गंधार कसा ऐकू येतो? याचं उत्तर तंबोऱ्याच्या घोडीत आहे. तिची पाठ रुंद आणि किंचित गोलसर असते, तिच्यावर जवारीचा दोरा घालून तार अशी बसवतात की ती घोडीला पुन्हा पुन्हा चाटून जाते. त्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सहायक नाद भरपूर उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिलं ते याच गोष्टीबद्दल : तार जिथे छेडली तिथे ज्या नादाचा स्थिर बिंदू येतो, तो नाद नियमाप्रमाणे उठायलाच नको, पण या वाद्यांत तोही ठळक ऐकू येतो. स्वयंभू गंधार हा खर्जाचा पाचवा नाद. मामींच्या पट्टीत तो सुमारे ५२० हर्ट्झला पडतो, आणि ते काम मुठीएवढा डबा आरामात करतो. वरचे नाद मिळाले की मेंदू मूळ स्वर मनानेच भरून घेतो. फोनच्या टिचभर स्पीकरवरही आपल्याला पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो यामुळे. म्हणून मामींना तार 'कळत' होती. अंग मात्र भरून घेता येत नाही, ते स्पीकरमधूनच यावं लागतं.

भोक कुठून पडलं

सूर काढणारं अॅप रिसीव्हरला जोडून एकेक स्वर सोडला. १८० ला आवाज व्यवस्थित. १५० ला जरा बारीक. १२० ला आणखी खाली, १०४ ला जवळपास काही नाही. ९० पासून पुन्हा वाढ, आणि ७२ ला शोकेसमधली भांडी वाजली.

रिसीव्हरच्या मेनूत क्रॉसओव्हर ८० वर होता. क्रॉसओव्हर म्हणजे कामाची वाटणी : त्या आकड्याच्या खालचं सबने वाजवायचं, वरचं स्पीकरने. बसवणाऱ्या माणसाने मामांना सांगितलं होतं, "८० ला ठेवलंय काका, थिएटरचं स्टँडर्ड आहे." तो खोटं बोलला नव्हता. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्स कंपनीची शिफारस ८० चीच आहे, आणि तिला कारणही आहे : ८० च्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला सहसा कळत नाही. पण ती शिफारस ८० पर्यंत खाली उतरणाऱ्या स्पीकरांसाठी. इथले सॅटेलाइट १५० लाच थांबतात. सब ८० च्या वर येत नाही, डबे १५० च्या खाली जात नाहीत. मधला पट्टा कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. सिनेमात हे झाकून जातं. स्फोट ४०-५० च्या आसपास, संवादाचं स्पष्टपण हजाराच्या वर. पुरुषाचा बोलता आवाज या पट्ट्यात येतो, पण बोलण्यात तो थोडा बारीक वाटला तर कोणी तक्रार करत नाही. तंबोरा मात्र नेमका इथेच राहतो. डग्ग्याची मींडही इथूनच जाते.

उपाय उघड होता. क्रॉसओव्हर १५० केला. मोठ्या विश्वासाने मामींची सीडी लावली.

काही फरक नाही.

हा माझा सगळ्यात लाजिरवाणा अर्धा तास. मेनू पुन्हा तपासला, रिसीव्हर बंद करून चालू केला, मामांनी "गरम झाला असेल" असंही म्हणून पाहिलं. शेवटी सब ओढून त्याची पाठ पाहिली. तिथे एक गोल बटण, ५० ते १५० असे आकडे, आणि ते ८० वर. सबचा स्वतःचा क्रॉसओव्हर वेगळा असतो हे मला माहीत होतं, पण आठवलं नव्हतं. रिसीव्हर म्हणत होता १५० पर्यंत वाजव, सब स्वतः ८० ला दार लावून बसला होता. वाटणी रिसीव्हर करत असेल तर सबचं हे बटण शेवटापर्यंत फिरवून ठेवायचं, म्हणजे ते मधे येत नाही. फिरवलं. १०४ चा स्वर सोडला आणि मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

आता दुसरी अडचण. तार आली, पण पाठीमागून. १५० पर्यंतचं सगळं सोफ्याशेजारच्या कोपऱ्यातून येत होतं, आणि त्या उंचीच्या स्वरांची दिशा कानाला चांगली कळते. गवय्याचं तोंड टीव्हीजवळ आणि छाती आपल्या उजव्या खांद्यामागे. सब पुढे नेण्यावाचून मार्ग नव्हता. टीव्ही युनिटच्या खाली, दोन स्पीकरांच्या मधोमध जागा केली. तिथे प्लग नव्हता म्हणून सोसायटीच्या वायरमनने एक पॉइंट ओढून दिला. जुनी लांब केबल गुंडाळून ठेवली. मधोमध आणण्याचा एक फायदा न मागता मिळाला : खोलीच्या रुंदीमुळे ५२ हर्ट्झला जो घुमारा उठतो, तो रुंदीच्या बरोबर मध्यावरून उचललाच जात नाही.

सबच्या पाठीवर ० आणि १८० असा एक खटका असतो. सब आणि स्पीकर एकाच वेळी पुढे-मागे व्हावेत म्हणून तो असतो. क्रॉसओव्हरचाच स्वर, म्हणजे १५०, सोडला आणि दोन्हीकडे खटका टाकून ऐकलं. जिथे जास्त जोरात वाजलं ती बाजू बरोबर. आमच्याकडे ती १८० निघाली. याला यंत्र लागत नाही.

खर्ज का घुमत होता

७२ ला भांडी वाजली होती, त्याचा हिशेब खोलीकडे लागतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत आवाज आदळून परततो, आणि काही ठरावीक स्वरांना त्या फेऱ्या एकमेकांना जोर देतात. पुण्याच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरू. ४.८ मीटर लांबीला पहिला असा स्वर ३६ हर्ट्झ, दुसरा त्याच्या दुप्पट, ७२. मामांच्या सीडीचा खर्ज ६९.३. एवढ्या जवळ आला की खोली स्वतःच तंबोरा होऊन त्याच्याबरोबर वाजायला लागते. पॅसेज मोकळा असल्यामुळे आकडे इतके चोख बसत नाहीत, पण भांड्यांनी साक्ष दिलीच होती.

हा जोर भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो, आणि सोफा भिंतीलाच टेकलेला. म्हणजे मामा खोलीतल्या सगळ्यात घुमणाऱ्या जागी बसून ऐकत होते. ७२ साठी शांत जागा भिंतीपासून लांबीच्या चौथ्या हिश्शावर, इथे १.२ मीटरवर. तेवढा सोफा पुढे आणला तर जेवणाचं टेबल गॅलरीत जाईल. वाटाघाटी झाल्या. सोफा अर्धा मीटर पुढे आला आणि मागे मामींना कपड्यांची घडवंची ठेवायला जागा मिळाली, म्हणून तो तिथे टिकला. कागदावर हा फरक चारेक डेसिबलचा. कानाला खर्ज अजून भरदार आहे, पण बंदिशीच्या अंगावर येत नाही.

मामांना वाटत होतं सबचा आवाजच कमी करावा. मी करू दिला नाही. सगळा सब उतरवला असता तर आता कुठे सापडलेला १०४ सुद्धा त्याबरोबर गेला असता.

वायर, उंची, गोधडी

तिसऱ्या रविवारी पुढचे स्पीकर खाली उतरवले. सात फुटांवरून गाणारा माणूस आपण कधी ऐकलाय का? दोन स्टुलांवर पाट ठेवून ते बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले. मामी मात्र सतरंजीवर खाली बसून ऐकतात, त्यांचा कान सोफ्यापेक्षा फूटभर खाली. उंची मधली धरली आणि डबे किंचित खाली वाकवले. दोन्ही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर आले, त्यांच्या आपसातलं अंतर अडीच मीटरच्या आसपास. स्पीकरांची तोंडं थोडी आत वळवली.

मग मामांची एक जुनी मोनो सीडी लावली. मोनो ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. दोन्ही स्पीकर ठीक असतील तर गवई बरोबर मधोमध, हवेत, एका ठिकाणी उभा राहतो. इथे तो उभा राहीना. आवाज दोन्ही बाजूंना पसरट, मधे काही नाही, डोकं हलवलं की जागा बदले. उजव्या स्पीकरची वायर उलटी होती. लाल-काळ्याची अदलाबदल झाली की एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, आणि मधोमधचं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं, विशेषतः खालचे स्वर. वायर पट्टीच्या आत असल्यामुळे रंग दिसत नव्हते. रिसीव्हरच्या टोकाकडून वायर सोडवून तिला क्षणभर पेन्सिल सेल लावला. धन टोक बरोबर बाजूला असेल तर कोन बाहेर येतो, चुकीच्या बाजूला असेल तर आत जातो. उजवा आत गेला. अदलाबदल केली आणि गवई मधे येऊन उभा राहिला. मामा उठून टीव्हीच्या मागे पाहून आले, मधला स्पीकर खरंच बंद आहे ना म्हणून.

वाईट याचं वाटलं की हे पहिल्या दिवशी पाच मिनिटांचं काम होतं. माझा क्रम उलटा झाला. पुन्हा असं काम निघालं तर मी आधी वायर बघेन, मग मेनू.

टाळी वाजवली की हॉलमध्ये फडफड ऐकू येत होती, बाजूच्या दोन उघड्या भिंतींमुळे. डाव्या भिंतीवर, आवाज पहिल्यांदा आदळतो त्या जागी, मामींची गोधडी टांगून पाहिली. तबल्याची चाट एकदम स्वच्छ झाली. पण हॉलमध्ये गोधडी टांगलेली बरी दिसत नाही हे मलाही मान्य. त्या जागी मामांचं पुस्तकांचं उघडं शेल्फ हलवलं. उजवीकडच्या बाल्कनीच्या काचेला जाड पडदा. स्पीकर आणि सोफा यांच्यामधल्या टाइल्सवर सतरंजी पडलेलीच असते, शिकवणीमुळे. गोधडीइतका परिणाम नाही, पण चालतं.

घ्यायचं की नाही

लेकाचा फोन आला, "दादा, रिसीव्हर बदलू का? मोठा पाठवतो." रिसीव्हरमध्ये काही कमी नव्हतं. त्याला जे सांगितलं ते तो करत होता, सांगणाराच चुकला होता. कमी होती ती डब्यांची. १५० चा क्रॉसओव्हर हा तडजोडीचा उपाय आहे. गवय्याचा सा डब्यातून आणि सबमधून अर्धा-अर्धा येतो, आणि दोन वेगळ्या जातीच्या कोनांनी मिळून एक स्वर उभा करायचा म्हणजे सांधा कुठेतरी जाणवतोच. मामींना तो दुसऱ्याच दिवशी जाणवला. "मंद्रात उतरताना आवाज एका माणसाकडून दुसऱ्याकडे दिल्यासारखा वाटतो," त्या म्हणाल्या.

म्हणून एकच खरेदी केली, पुढची जोडी. साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, ५५ हर्ट्झपर्यंत जाणारे, आठ ओहमचे, वापरलेले. कोथरूडच्या एका गृहस्थांनी घर बदलताना काढले होते. साडेअकरा हजारांत मिळाले. घेण्यापूर्वी त्यांच्या घरी कोनाच्या कडेचं रबर बोटाने चाचपून पाहिलं, दोन्हींवर मोनो गाणं आलटून पालटून ऐकलं. वायर विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून, साधी तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची. चार-पाच मीटरच्या अंतराला याहून भारी वायरीत पैसे घालायचं कारण मला दिसत नाही. दुकानदाराला दिसत होतं. स्टँड सुताराने केले.

आता क्रॉसओव्हर ८० वर. ज्या आकड्याने सगळा घोळ झाला, तोच आकडा नव्या स्पीकरांना बरोबर बसला. सब पुन्हा फक्त तळाचं काम करतो आणि १०४ ची तार जवळजवळ पूर्ण पुढच्या स्पीकरांतून येते. रिसीव्हरचं आपोआप मोजणी करणारं यंत्रही पुन्हा चालवलं. या वेळी माइक सोफ्याच्या पाठीवर न ठेवता स्टुलावर पुस्तकं रचून कानाच्या जागी ठेवला आणि पंखा बंद केला. त्याने पुढच्या जोडीला परस्पर 'लार्ज' ठरवून सबला गाण्यातून बाद केलं होतं, ते हाताने बदलून 'स्मॉल' केलं. हा शब्द स्पीकरच्या आकाराबद्दल नाही. खालचे स्वर सबकडे द्यायचे की नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सिनेमात थोडं गमावलं. पुढचे दोन एका जातीचे आणि मधला जुना डबा दुसऱ्या जातीचा, त्यामुळे पात्र पडद्यावर एका बाजूकडून दुसरीकडे बोलत गेलं तर आवाजाचा रंग मधेच बदलतो. मधला बंद करून संवाद दोन स्पीकरांतून ऐकता येतो, पण मग सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याला ते एका बाजूचे वाटतात, आणि नातू कडेलाच बसतो. मधला चालू ठेवलाय. मामांना विचारलं तर म्हणाले, लढाईचा तो सिनेमा नंतर कोणी लावलेलाच नाही.

खालच्या मजल्यावरच्यांनी रात्री दहानंतर सब बंद ठेवायला सांगितलंय. रास्त आहे, फरशीतून तो त्यांच्या झोपायच्या खोलीत उतरतो. त्याच्या पायांखाली जाड रबराची चटई घातली, तिने थोडा फरक पडला. रात्रीसाठी रिसीव्हरमध्ये सबविना वेगळी सेटिंग साठवून ठेवली आहे, आणि नव्या जोडीमुळे तीही ऐकवते.

चौथ्या रविवारी संध्याकाळी मामींची सीडी सुरुवातीपासून लावली. तंबोरे सुरू झाले, त्या सतरंजीवर डोळे मिटून बसल्या. मिनिटभराने म्हणाल्या, "थांब, परत लाव." परत लावली.

"डाव्या हाताचा तंबोरा," त्या म्हणाल्या, "खर्ज उतरलाय त्याचा. एवढासा. स्टुडिओत कोणाच्याच लक्षात आलं नाही."

मामांनी रिमोट माझ्याकडे दिला. मी सीडी पुढे चालू दिली.